मातीचा हिशोब

पावसाळ्याचे दिवस होते. बदलापूर पूर्वेच्या एका चाळीत पहाटेच्या सुमारास एका वृद्ध गृहस्थांचा इंतकाल झाला. माणूस मूळचा मराठवाड्यातला. उमेद मुंबईत हमाली करण्यात गेली आणि शेवटची आठ-दहा वर्षे मुलांबरोबर बदलापुरात भाड्याच्या खोलीत निघाली. गुसल झाले, कफन झाले, शेजारच्या बायकांचे रडून झाले. जनाजा उचलायची वेळ आली तेव्हा थोरल्या मुलाने आम्हांला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "सर, अब्बांना न्यायचं कुठं?"

प्रश्न साधा होता, पण अंगणात उभ्या असलेल्या पंचवीस-तीस जणांपैकी एकालाही त्याचे चटकन उत्तर देता आले नाही. फोन सुरू झाले. एका ठिकाणी विचारणा झाली, "मय्यत आमच्या जमातीतली आहे का? वर्गणीचं बुक आहे का?" दुसरीकडून उत्तर आले की पावसाने कबरीत पाणी भरते आहे, नवी कबर खोदता येणार नाही. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, विचारून सांगतो. आणि मग फोन उचललाच नाही. जोहर झाली, असर झाली. शेवटी मगरिबच्या वेळी दूरच्या एका गावातल्या जमातीने होकार दिला. टेम्पो करून आम्ही मातीला गेलो. मोबाईलच्या उजेडात कबरीवर तीन-तीन मुठी माती टाकली. परतताना तो थोरला मुलगा एवढेच म्हणाला, "अब्बा आयुष्यभर भाड्यानं राहिले. आज कळलं, मेल्यावरही भाडेकरूच."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पुढच्या जुम्याला मोहल्ल्यातली मंडळी बसली आणि ठरले की नव्या कब्रस्तानासाठी रीतसर अर्ज करायचा. अर्ज मराठीत लिहायचा म्हणून काम आमच्याकडे आले. उर्दू शाळेतल्या मास्तराला मराठी लिहिता येते याचे आमच्या लोकांना अजूनही कौतुक वाटते. अर्ज लिहायला बसलो आणि लक्षात आले की 'कब्रस्तान पाहिजे' हे दोन शब्दांचे वाक्य लिहिणे सोपे आहे. का पाहिजे, किती पाहिजे, कुठे पाहिजे आणि कोणासाठी पाहिजे, या चार प्रश्नांची उत्तरे देणे अवघड आहे. हा लेख त्या न संपलेल्या अर्जातूनच निघाला आहे.

पहिला प्रश्न 'का'चा. तो वाटतो तितका बाळबोध नाही. ग्रीक विचारवंत डायोजिनिस याच्याविषयी एक कथा सांगतात. मेल्यावर मला पुरू नका, नुसते फेकून द्या, असे त्याने सांगून ठेवले होते. मित्र म्हणाले, अरे, पशुपक्षी खातील. तो म्हणाला, मग शेजारी एक काठी ठेवा, हाकलीन. मित्र हसले, मेलेल्याला काठी काय कळणार? तेव्हा त्याने विचारले, कळणारच नसेल तर खाल्ल्याने माझे बिघडते काय? या युक्तिवादात जोर आहे. मेलेल्याला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, गर्दी जाणवत नाही. मग ज्या गावात जिवंत माणसाला दहा बाय दहाची खोली मिळत नाही, तिथे मेलेल्यासाठी जमीन कशाला मागायची?

याचे उत्तर आम्हांला एका जुन्या प्रसंगात सापडते. काबील आणि हाबीलची हकिकत कुराणात आली आहे आणि ती आपल्या घराघरांत सांगितली जाते. भावाला मारून काबील त्याच्या प्रेताजवळ सुन्न बसला. पुढे काय करायचे हे त्याला सुचेना, कारण त्याच्याआधी कोणी माणूस मेलाच नव्हता. तेव्हा अल्लाहने एक कावळा धाडला. कावळ्याने चोचीने माती उकरून दाखवली. ते पाहून काबील शरमिंदा झाला की आपल्याला या कावळ्याइतकीही अक्कल नसावी! या हकिकतीत हाबील काहीही मागत नाही. तो मागूच शकत नाही. शरम वाटते ती जिवंत राहिलेल्याला. दफन हा मेलेल्याचा हक्क म्हणण्यापेक्षा जिवंत माणसाचे कर्तव्य अधिक आहे, हे त्यातून आम्हांला उमगते. डायोजिनिसचे बिघडले नसते हे कबूल. त्याला फेकून घरी परतलेल्या मित्रांचे मात्र नक्कीच काहीतरी बिघडले असते.

आपल्या शरियतमध्ये या कर्तव्याला फर्ज-ए-किफाया म्हणतात. वस्तीतल्या काहींनी ते पार पाडले तर सगळ्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो. कोणीच पाडले नाही तर सगळे गुनहगार ठरतात. या संज्ञेत नगररचनेचे एक मोठे सूत्र दडले आहे असे आम्हांला वाटते. गुसल, कफन, नमाज, खांदा आणि माती या सगळ्या गोष्टी सामुदायिक आहेत. मग ज्या जमिनीत ती माती द्यायची, त्या जमिनीची तजवीज एकट्या वारसावर, तीही ऐन दु:खाच्या दिवशी, कशी टाकता येईल? त्या दिवशी बदलापुरात आमच्यापैकी प्रत्येकाने खांदा दिला. पण त्याआधीच्या दहा वर्षांत आम्ही कोणीच फर्ज पाळला नव्हता.

सरकारकडे मागणे मागताना पुष्कळांना वाटते की आपण मेहेरबानी मागत आहोत. तसे नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवण्याच्या विषयांत दफनभूमी आणि स्मशानभूमी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, ज्याखाली उल्हासनगरचा कारभार चालतो, त्याच्या कलम ६३ मध्ये मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा सांभाळणे आणि नव्या जागा पुरवणे ही महापालिकेची आवश्यक कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांना लागू असणाऱ्या १९६५ च्या अधिनियमातही हे कर्तव्य आहेच. पाणी, गटार, दिवाबत्ती यांच्याच पंगतीत कायद्याने कबर आणि चिता बसवली आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरांत दफनाला जागा उरली नाही म्हणून गोवंडीच्या रहिवाशांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२४ मध्ये न्यायालयाने जागा शोधण्यातील दिरंगाईबद्दल महापालिकेला खडसावले, ते याच कर्तव्याच्या आधारे.

पण कायदा आपल्या बाजूचा आहे म्हणून आपली बाजू पूर्ण होत नाही. गावाचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे तयार होतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, ठरावीक मुदत असते. नकाशा भिंतीवर लागतो. त्या भिंतीसमोर आमच्यातले किती जण जाऊन उभे राहतात? शाळेसाठी, मैदानासाठी, दफनभूमीसाठी कोणत्या रंगाचा ठिपका कुठे पडला आहे, हे पाहायला कोण जाते? आणि आरक्षण पडले म्हणजे जमीन मिळाली असेही नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. मयत झाली की आमच्या हातून मोर्चा निघतो. पण दहा वर्षे दर सहा महिन्यांनी कचेरीत जाऊन 'त्या फायलीचं काय झालं?' असे विचारणारा माणूस निघत नाही. दु:खाला जोर असतो, चिकाटी नसते. फायलीला मात्र चिकाटीच लागते.

कागदाचे महत्त्व आता आणखी वाढले आहे. आपली कित्येक जुनी कब्रस्ताने वर्षानुवर्षांच्या वापराने वक्फ ठरली; कोणाच्या आजोबाने कोणत्या सनदेने जमीन दिली याचा पत्ता नाही. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने निव्वळ वापराने वक्फ ठरण्याची वाट पुढच्या काळासाठी बंद केली. त्या कायद्याबद्दल कोणाचे काहीही मत असो, नवे कब्रस्तान उभारणाऱ्याने सातबारा, मोजणी, नोंदणी आणि हद्दीच्या खुणा पहिल्या कबरीच्या आधी पूर्ण केल्या पाहिजेत, एवढे त्यातून निश्चित निघते.

आता 'किती'चा प्रश्न. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर पोहोचले. उल्हासनगरने ५ लाखांचा आकडा ओलांडला. त्यानंतरची २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती २०२७ वर गेली. दरम्यान मुंबईत घर न परवडलेली माणसे लोकल गाडीच्या एकेका स्टेशनाने पुढे सरकत राहिली, आणि त्यांत आपलीही माणसे होती. माणूस नव्या गावी येताना बिऱ्हाड आणतो, मुलांच्या शाळेचा दाखला आणतो, रेशनकार्ड आणतो. आपला मृत्यूही तो बरोबर आणत असतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

एके दिवशी शाळा सुटल्यावर फळ्यावर आम्ही हिशोब मांडला. समजा, पन्नास हजारांचा समाज आहे. हजारी सहा मृत्यू धरले तर वर्षाला तीनशे मयती. एका कबरीला कडेच्या जागेसह चाळीस चौरस फूट धरू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यातील चाळीस टक्के जागा वाट, भिंत, वजूची सोय, जनाज्याच्या नमाजीचे मैदान आणि झाडे यांना गेली तर एकरात सुमारे साडेसहाशे कबरी बसतात. म्हणजे एक एकर दोन-सव्वादोन वर्षांत भरले! दर कबर कायमची ठेवायची म्हटली तर पन्नास वर्षांत पंधरा हजार कबरी, आणि तेवीस एकर. आणि दहा वर्षांनी जुनी कबर पुन्हा वापरायची म्हटली तर? तीन हजार कबरी, साडेचार-पावणेपाच एकर; आणि वस्ती तेवढीच राहिली तर ती जागा आपल्या पणतवंडांनाही पुरेल. वस्ती दुप्पट झाली तर जागा दुप्पट लागेल, पण बिनशेवटाची लागणार नाही.

खडू खाली ठेवला तेव्हा जाणवले की हा भूमितीचा हिशोब नव्हे, नीतीचा आहे. तेवीस एकर आणि पावणेपाच एकर यांच्यामधली जी सव्वाअठरा एकर जमीन आहे, ती आपण कोणाकडून मागत आहोत? ती शाळेची जागा असू शकते, दवाखान्याची असू शकते, आपल्याच नातवाच्या घराची असू शकते. आपल्या बापाची कबर कायम राहावी ही ओढ खरी आहे, आम्ही तिला हसत नाही. पण दीनने ही ओढ किती आवरून धरली आहे ते पाहावे. कबर पक्की बांधू नये, तिच्यावर इमारत उभी करू नये ही शिकवण सर्वांना ठाऊक आहे. शरीराची माती झाल्यावर त्याच जागी दुसऱ्याला दफन करायला बहुतेक फकिहांनी परवानगी दिली आहे. मदिनेच्या जन्नतुल बकीमध्ये शतकानुशतके हेच होत आले आहे. उहुदच्या लढाईनंतर एकेका कबरीत दोन-दोन, तीन-तीन शहीद दफन झाले. ज्यांच्यापेक्षा मोठे आपल्यापैकी कोणी नाही, त्यांना मातीत वाटेकरी चालला. मग आपल्यालाच संगमरवर का हवा?

जुहूच्या कब्रस्तानाची गोष्ट अनेकांना आठवत असेल. मोहम्मद रफी, मधुबाला, साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी अशी मोठमोठी माणसे तिथे मातीआड झाली. २०१० मध्ये बातमी आली की नव्या मयतींना जागा करण्यासाठी त्यांच्या कबरींची बांधकामे काढून टाकण्यात आली. रसिक हळहळले. आम्हीही हळहळलो, रफीसाहेबांच्या कबरीवर फातिहा पढायची इच्छा आमच्या मनात राहूनच गेली. पण शांतपणे विचार केल्यावर वाटले, ज्यांच्यासाठी जागा झाली ते कोण असतील? कोणी रिक्षावाला, कोणी जरीकाम करणारी बाई, कोणी दोन दिवसांचे मूल. रफीसाहेबांचे गाणे माणसांच्या कानांत आहे, त्याला दगडाची गरज नाही. त्या अनाम माणसाला मात्र त्या दिवशी जमिनीची गरज होती. स्मृती आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नोंदवही नीट ठेवली, नाव, तारीख, ओळ, क्रमांक लिहिला, तर दगडाचे पुष्कळसे काम कागद करू शकतो.

'कुठे' या तिसऱ्या प्रश्नापाशी निसर्ग उभा आहे. आमच्याकडे उल्हास आणि वालधुनी या दोन नद्या. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पाणी कुठवर चढते ते सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. पूररेषेच्या आतली जमीन स्वस्त मिळते, बिल्डरला ती नको असते, म्हणून ती आपल्यापुढे सरकवली जाण्याचा संभव असतो. आणि आपणही 'मिळतेय ना, घ्या' म्हणतो. पण कबरीचा तळ भूजलाच्या वर राहिला पाहिजे, जवळ विहीर नसावी, पावसाळ्यात पाणी साचू नये, एवढ्या किमान गोष्टी आहेत. जमीन भुसभुशीत असेल तर बगली कबर ढासळते, तिथे फळ्या टाकून संदूक कबर करावी लागते. नुसता कातळ असेल तर गोरकनाची पहार चालत नाही. खड्डे घेऊन माती तपासल्याशिवाय जागा स्वीकारणे म्हणजे पुढच्या पिढीला चिखलात उभे करणे. मेलेल्याला पाणी कळत नसेल. पण ज्या मुलाने बापाच्या कबरीत पाणी भरताना पाहिले, त्याला ते जन्मभर कळत राहते. शिवाय ती नदी पुढे ज्यांच्या घरावरून जाते, त्या शेजाऱ्याचाही आपल्यावर हक्क आहे.

शेजाऱ्याचे नाव निघालेच आहे तर त्याच्या हरकतीबद्दलही बोलू. कब्रस्तानाचे नाव काढले की आसपासच्या सोसायट्यांतून विरोध होतो. रोगराईची भीती, जागेचे भाव पडण्याची भीती, आणि काही वेळा सरळ सरळ आपली भीती. एप्रिल २०२० मध्ये वांद्र्याच्या कोकणी मुस्लिम कब्रस्तानात कोरोनाच्या मयतींचे दफन होऊ नये म्हणून आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. दफनाने संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. निकाल आपल्या बाजूने लागला. पण शेजाऱ्याचे मन निकालाने बदलत नाही. ते स्वच्छ भिंतीने, झाडांनी, रात्रीच्या दिव्याने, गाड्या रस्त्यात न लावण्याने बदलते. शेजाऱ्याची प्रत्येक हरकत द्वेषातूनच येते असे धरून चालणे हाही एक अन्याय आहे.

उल्हासनगरच्या बाबतीत आम्हांला नेहमी एक विचार येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नगराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव दिले. ज्या लोकांचे वाडवडील सिंधच्या मातीत राहिले, ज्यांना त्या घाटावर, त्या दर्ग्यावर परत जाऊन दिवा लावता आला नाही, त्यांना 'आपली माणसे कुठे न्यायची' या प्रश्नातली वेदना परकी कशी असेल? आमचा अर्ज सरकारला आहे. पण त्याची एक प्रत आम्ही मनातल्या मनात त्या बराकींतल्या म्हाताऱ्यांना पाठवतो. निर्वासिताला नवे गाव आपले केव्हा वाटू लागते? घर झाल्यावर नव्हे, दुकान झाल्यावर नव्हे. त्याचा पहिला माणूस त्या गावात शेवटचा निरोप घेतो, तेव्हा.

दफन ही फक्त मुसलमानांची रीत आहे असाही एक गैरसमज आहे. लिंगायत दफन करतात, गोसावी समाधी देतात, ख्रिस्ती दफन करतात, पुष्कळ हिंदू घरांत तान्ह्या मुलांना मातीच देतात. ज्ञानेश्वरांची समाधी आळंदीच्या मातीतच आहे. अंबरनाथ-बदलापुराहून दिसणाऱ्या मलंगगडावर एकच जागा कोणासाठी दर्गा आहे, कोणासाठी समाधी. वाद करणारे वाद करोत. दोघांचीही श्रद्धा मातीखालच्या माणसावर आहे, एवढे तरी त्यातून दिसतेच. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागातल्या एका ख्रिस्ती मुलाला बापाचे प्रेत गावात पुरू दिले नाही. वीस दिवस प्रेत शवागारात राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही, आणि शेवटी वीसेक किलोमीटर दूरच्या गावी दफन करावे लागले. ख्रिस्त्यांसाठी दफनभूमी आखून देण्याचे निर्देश राज्याला मिळाले. ती बातमी वाचताना आम्हांला बदलापूरची ती दुपार आठवली. म्हणून आमचे म्हणणे असे की अर्ज एकट्या मुसलमानांचा नसावा. मातीला देणाऱ्या सर्वांनी मिळून मागावे, आपापल्या वाफ्यात आपापल्या रीतीने निरोप द्यावा. मरीन लाइन्सला चंदनवाडी आणि बडा कब्रस्तान शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे धूर निघतो, दुसरीकडे माती ओढली जाते, आणि लोकल दोघांवरून सारखीच जाते.

आणि ज्याला दफन नको असेल त्याचे काय? हमीद दलवाईंनी १९७७ साली आपल्या इच्छापत्राप्रमाणे दहन करवून घेतले. आपल्यातल्या बहुसंख्यांना ते पटले नाही, आम्हांलाही आमच्यासाठी ते नको आहे. पण त्यांनी निवड केली. निवडीला किंमत तेव्हाच येते जेव्हा दुसरी वाटही उघडी असते. जागाच नाही म्हणून कोणावर रीत बदलण्याची पाळी यावी, ही निवड नव्हे, लाचारी होय. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाच्या सर्वच मृतांचे दहन करण्याचा हुकूम काढला आणि काही तासांतच तो मागे घेतला. तेवढ्या काही तासांत आपल्या घराघरांत जी घालमेल झाली, ती त्या लाचारीच्या भीतीचीच होती.

उरला चौथा प्रश्न, 'कोणासाठी'. इथे आमची लेखणी अडखळली आणि अर्ज थांबला. कारण त्या दिवशी "वर्गणीचं बुक आहे का?" हे विचारणारा सरकारी कारकून नव्हता, आपलाच भाऊ होता. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याची जागा लहान, माणसे पुष्कळ, त्याचाही हिशोब होता. पण बैठकीत जेव्हा नव्या कब्रस्तानाच्या नियमांची चर्चा निघाली तेव्हा तेच ऐकू येऊ लागले. एकजण म्हणाला, जे वर्गणी देतील त्यांनाच जागा. दुसरा म्हणाला, आपल्या मसलकच्या लोकांपुरतेच ठेवा, नंतर भांडणे नकोत. तिसऱ्याने विचारले, परप्रांतीयांचे काय? चौथा म्हणाला, भिंतीलगतच्या ओळी देणगीदारांच्या कुटुंबांना राखून ठेवाव्यात. सगळे भले लोक होते. आणि आम्ही? आम्ही टिपण घेत होतो, गप्प होतो.

त्या रात्री झोप आली नाही. रसूलल्लाह एकदा एका यहुद्याचा जनाजा जाताना पाहून उभे राहिले. सोबत्यांनी सांगितले की तो यहुदी होता. त्यावर त्यांनी जे विचारले त्याचा आशय असा की, तोही एक जीवच नव्हता का? आम्ही हा किस्सा वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो. आणि बैठकीत आम्ही कलमा पढणाऱ्या माणसालाच जमातीचे बुक विचारण्याचा नियम टिपून घेत होतो. सरकारने आमच्याशी समान वागावे म्हणून आम्ही घटनेची कलमे गोळा केली होती. तीच कलमे आमच्या फाटकावर लावली तर आम्ही पास होऊ का?

म्हणून दुसऱ्या बैठकीत आम्ही बोललो. आवाज कापत होता, पण बोललो. आमचे म्हणणे होते की अर्जाला नियमांचा एक कागद जोडावा. कबर विकली जाणार नाही, राखून ठेवली जाणार नाही. श्रीमंत आणि गरीब एकाच ओळीत, ज्या क्रमाने मयत येईल त्या क्रमाने. बांधकाम नाही, फक्त मातीचा उंचवटा आणि क्रमांक. ठरलेल्या मुदतीनंतर जागा पुन्हा वापरात. मसलक विचारला जाणार नाही, गाव विचारले जाणार नाही. बेवारस मयतीला पहिला हक्क, कारण तिच्या बाजूने भांडणारा कोणी नसतो. ज्याच्याविषयी लोक कुजबुजतात, ज्याने स्वत:चा जीव घेतला, त्यालाही माती मिळेल. निवाडा करणारा वर बसला आहे, फाटकावर नाही. आणि वर्गणी? ती सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे द्यावी, पण जिवंतपणी मशिदीच्या पेटीत. जनाजा दारात उभा असताना नव्हे.

सगळ्यांना सगळे पटले नाही. जागा पुन्हा वापरण्याच्या कलमावर एक बुजुर्ग उठून गेले. त्यांची बीबी चार वर्षांपूर्वी गेली आहे आणि दर जुमेरातीला ते तिच्या कबरीवर जातात. त्यांना थांबवायला आमच्याजवळ युक्तिवाद होता, पण तो त्या वेळी तोंडातून निघाला नाही. नंतर त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही म्हणालो, "चाचा, नवा नियम नव्या जागेचा आहे, चाचींच्या कबरीला हात लागणार नाही." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रश्न तिचा नाही रे. माझा आहे. मला तिच्या शेजारी जागा हवी होती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तिथं आता जागा नाही. म्हणजे मी तुमच्या नव्या जागेतच येणार. ओळीत जो नंबर येईल तो." त्यांनी चष्मा पुसला आणि कागदावर सही केली. नीतीचा हिशोब फळ्यावर मांडणे सोपे असते. त्याची किंमत कोणाला तरी अशी मोजावी लागते, हे त्या सहीने आम्हांला शिकवले.

अर्ज आता गेला आहे. जागा मिळेल की नाही, केव्हा मिळेल, ते आज सांगता येत नाही. दर दोन महिन्यांनी फाईल विचारायला कोणी जायचे याची पाळी लावली आहे आणि त्या पाळीत चार तरुण मुले आहेत, हीच आमची कमाई. त्यांतला एक त्या मराठवाड्याच्या गृहस्थांचा थोरला मुलगा आहे.

आपल्यात रीत आहे की कबरीवर प्रत्येकाने तीन मुठी माती टाकायची. त्या तीन मुठींना कोणी वर्गणी मागत नाही, मसलक विचारत नाही, नात्याची अट घालत नाही. अनोळखी माणूसही पुढे होतो, वाकतो, माती टाकतो आणि हात झटकून मागे सरतो. नवे कब्रस्तान जेव्हा केव्हा होईल, तेव्हा त्याच्या फाटकावरचा नियमही या तीन मुठींइतकाच साधा असावा, एवढीच आमची दुआ आहे.